‘एरिया चांगला आहे’ म्हणे!

मुंबईत कुठं उतरावं, हे मुंबईत आयुष्यात कधी पैसे देऊन न उतरलेल्या माणसाला विचारायची आपल्याकडे प्रथा आहे. त्याचं तिथं घर असतं, निदान मावसभावाचं तरी असतं. लॉजचा जिना त्यानं कधी चढलेला नसतो. तरीही आपण विचारायचा अवकाश, हा खुर्चीत मागे रेलतो, डोळे अर्धवट मिटतो आणि ब्रह्मवाक्य उच्चारतो : ‘तो एरिया चांगला आहे.’

संपलं. कुणासाठी चांगला? कशासाठी? सकाळी आठला की रात्री बाराला? जुलैत की जानेवारीत? असले क्षुद्र प्रश्न विचारायचे नसतात. ब्रह्म निर्गुण, निराकार असतं, एरियाही तसाच. तो फक्त ‘चांगला’ असतो. आणि ऐकणारा भला माणूस आगाऊ पैसे भरून मोकळा होतो. मग त्याचा मुंबईतला मुक्काम टॅक्सीच्या मागच्या सीटवर, सिग्नलचे आकडे उलटे मोजण्यात जातो.

उदाहरण देतो. परभणीच्या एका स्नेह्यांना पत्नीच्या तपासण्यांसाठी टाटा रुग्णालयात यायचं होतं. निवृत्त शाळामास्तर, सरळ माणूस. त्यांनी भाबडेपणानं नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘मुंबईत मुक्कामाला कुठं बघू?’ मग काय विचारता! पुतण्या म्हणाला, ‘काका, कुलाबाच घ्या, तिथं व्हाइब आहे.’ मेहुणे म्हणाले, ‘दाजी, अंधेरी. एअरपोर्ट जवळ पडतं.’ दाजी देवगिरी एक्स्प्रेसच्या स्लीपरनं येणार आहेत, हे मेहुण्यांच्या गावीही नाही. चुलत बहिणीनं लिहिलं, ‘हॉटेल कशाला दादा, आमच्याकडे या, बदलापूर आता काही लांब राहिलं नाही.’ कुठून लांब राहिलं नाही? पुण्याहून? एका काकूंनी जोडलेले हात पाठवले आणि सिद्धिविनायकाला जाऊन यायला सांगितलं. त्यातल्या त्यात तोच सल्ला निरुपद्रवी.

सगळ्या ग्रुपात एकानंही विचारलं नाही की मास्तर, कागदावर परळ लिहिलंय की खारघर? टाटाचं एक केंद्र खारघरला आहे आणि पुष्कळ रुग्णांना तिकडे बोलावतात. परळला खोली घेऊन खारघरला जायचं म्हणजे कुर्ल्याला उतरून हार्बरची गाडी पकडायची, तीही केमोनं गळून गेलेल्या माणसाचा हात धरून. पण कागद वाचायला कुणाला वेळ आहे? नाडी न बघता काढा उकळायला घेणारे हे वैद्य. त्यांना रोग्याशी कर्तव्य नसतं, आपल्या काढ्याशी असतं.

या वैद्यांचे संप्रदाय आहेत. सगळ्यांत जुना कुलाबा संप्रदाय. याचे अनुयायी दक्षिण मुंबईला ‘टाउन’ म्हणतात आणि माहीमची खाडी ओलांडताना पासपोर्ट चाचपतात. त्यांचा सिद्धान्त असा, की खरी मुंबई तिथंच आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली. त्यातले साधारण ३१ लाख शहर जिल्ह्यात, बाकीचे ९३ लाख उपनगरात. म्हणजे दर चार मुंबईकरांतले तीन खोटे. जनगणनेला पाठवलेल्या मास्तरांनी उगाच त्यांची दारं वाजवली! बरं, या खरेपणाचा पुरावा काय? गेटवे. पंचम जॉर्ज मुंबईत उतरला १९११ साली आणि त्याच्या स्वागताचा हा दरवाजा बांधून पूर्ण झाला १९२४ साली. पाहुणा येऊन, जेवून, परत गेल्यावर तेरा वर्षांनी दार लागलं. मुंबईच्या बांधकामांची ही थोर परंपरा मला मान्य आहे. पण तिच्यासाठी मी बिनखिडकीच्या खोलीचं दुप्पट भाडं का द्यावं? कुलाब्यात जरूर राहावं. मंत्रालयात फाइल अडकली असेल, हायकोर्टात तारीख असेल, म्युझियम नीट बघायचं असेल, तर राहावंच. ‘खरेपणा’साठी राहू नये. तो खोलीत मिळत नाही, आणि गरम पाणीही सकाळी नऊनंतर मिळत नाही.

दुसरा वांद्रे संप्रदाय. हा तरुणांचा. यांचं वांद्रे रेल्वेच्या रुळांशी संपतं. रुळांच्या पूर्वेलाही वांद्रे आहे, तिथं उपनगर जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे, कोर्ट आहे, ही यांना अफवा वाटते. अमेरिकेचा व्हिसा काढायची वेळ आली की मात्र हे पूर्वेला येतात, कारण अमेरिकेची वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीहून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. साम्राज्यशक्तीला पूर्व चालते, यांना चालत नाही. वांद्र्यात राहून करायचं काय? तर एका नटाच्या बंगल्याच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि मग वाटीभर उपम्याचे जे पैसे कॅफेवाला मागेल ते हसतमुखानं द्यायचे. भिंत बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? परभणीत भिंती नाहीत?

आणि आता आपला, म्हणजे मराठी माणसाचा, दादर संप्रदाय. यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज किंचित हळवा होईल अशी अपेक्षा असेल तर ती सोडा. ‘दादरलाच उतरा हो. शिवाजी पार्क, प्रकाशचा साबुदाणा वडा, नाटकं, आपली माणसं!’ दादरमध्ये उतरण्यात शहाणपण आहे, हे शंभर टक्के खरं. पण ते वड्यामुळे नव्हे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वे जिथं एका पुलानं जोडल्या आहेत ते हे स्थानक. दादरचा खरा गुण संस्कृती नाही, पूल आहे. पण पुलाचा अभिमान कसा बाळगणार? त्यावर घामाचा वास येतो, आणि तो आपल्याच माणसांचा असतो. शिवाय ही ‘आपली माणसं’ पाच डिसेंबरपर्यंतच आपली असतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं येतात, शिवाजी पार्कच्या मैदानात मंडपांखाली मुक्काम करतात, पुस्तकं विकत घेऊन परत जातात. कुठं उतरायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. ती कशासाठी आलीत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याच आठवड्यात ‘फार गर्दी होते हो’ म्हणून लोणावळ्याला पळणारे सुसंस्कृत दादरकर मला माहीत आहेत. पुस्तकांसाठी रांग लावणारी माणसं दाराशी आली की यांची संस्कृती सुट्टीवर जाते.

विमानतळ संप्रदाय फारसा वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. ‘एअरपोर्टजवळ’ म्हणजे कुठल्या टर्मिनलजवळ, हे त्यांनाच ठाऊक नसतं. मेट्रो एकवर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्थानक आहे. तिथं उतरून विमान शोधायला निघालेल्या माणसाला हातात बॅग घेऊन चांगलं दमवणारं अंतर शिल्लक असतं. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मेट्रो तीन थेट कफ परेडपर्यंत पोचल्यावर विमानतळापासून दक्षिण टोकापर्यंत भुयारातून तासाभरात जाता येतं. मग विमानं डोक्यावर घेऊन मरोळच्या लॉजवर झोपण्याचा अट्टहास कशाला? पहाटे चारचं विमान असेल तर ठीक. बाकीच्यांनी तो आवाज का ऐकावा?

खरी गंमत नकाशाची. हॉटेलांचं ॲप उघडा. ‘पाच किलोमीटरच्या परिघात’ असं म्हणून ते तुमच्याभोवती एक सुबक वर्तुळ काढतं. मुंबईत वर्तुळ! ज्या शहराची ठेवण उभ्या पट्टीसारखी आहे तिथं वर्तुळ काढलं की निम्मं समुद्रात जातं आणि उरलेलं चुकीच्या रेल्वेवर. बोरिवली आणि ठाणे नकाशावर मांडीला मांडी लावून बसलेले दिसतात. मध्ये राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात बिबटे आहेत. लोकलनं जायचं तर दादरपर्यंत खाली या, तो असंस्कृत पूल चढा, गाडी बदला, पुन्हा तितकंच वर जा. वर्सोव्याहून मढ समोर दिसतं. होडीनं पाच मिनिटं, रस्त्यानं मालाडचा वळसा घालून वीसेक किलोमीटर. ॲपला होडी कळत नाही. बिबट्या तर नाहीच.

नावांवर विसंबाल तर आणखी फसाल. मुंबई सेंट्रल हे स्थानक पश्चिम रेल्वेवर आहे. सेंट्रल रेल्वे तिथं फिरकत नाही. वांद्रे टर्मिनसला जायला खार स्थानकातून पूल आहे. कुर्ल्याचं म्हणून ओळखलं जाणारं लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ला स्थानकापासून दूर, टिळकनगरजवळ. स्वतः लोकमान्य मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधनही तिथंच झालं. उतरायचं कुठं हे त्या माणसाला नीट कळत होतं. त्यांच्या नावाच्या टर्मिनसवर पहाटे उतरलेल्या प्रवाशाला मात्र रिक्षावाला जो आकडा सांगतो, तो ऐकून असंतोषाचे जनक पुन्हा अग्रलेख लिहायला बसतील. वर बिल्डरांची कृपा आहेच. वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ उगवलंय. लोअर परळच्या अंगाला ‘अप्पर वरळी’. लोअरचं अप्पर झालं, रस्त्यातले खड्डे होते त्याच पातळीवर राहिले. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचा कार्यक्रम ‘मुंबईत’ झाला म्हणून देशभर गाजला. प्रत्यक्षात झाला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, नवी मुंबईत. वांद्र्यात ‘व्हाइब’ बघून खोली घेतलेल्या रसिकानं मध्यरात्री खाडीपलीकडून परत कसं यायचं, हे त्याच्या व्हाइबला विचारावं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण ‘एरिया चांगला’ या मंत्राचा उत्तरार्धही आहे. तो आवाज खाली आणून म्हणतात : ‘तिकडे मात्र नको, तो भाग तसला आहे.’ तसला म्हणजे कसला? विचारून बघा. सल्लागार इकडेतिकडे बघतो, मान हलवतो, भुवई उडवतो; तोंडानं काही म्हणत नाही. कारण जे म्हणायचंय ते सुशिक्षित माणूस म्हणत नसतो, नुसतं सुचवत असतो. भेंडीबाजार, डोंगरी, मोहम्मद अली रोड, नागपाडा. जे.जे. रुग्णालयात कुणाला भरती केलं असेल तर नातेवाइकानं राहायला याच भागासारखी सोय नाही. चालत जाता येतं, रात्री दोनला चहा मिळतो, औषधाचं दुकान उघडं असतं. पण नाही, तो भाग तसला! हेच गृहस्थ रमजानात मिनारा मशिदीच्या गल्लीत कबाब आणि मालपुवा हाणतात आणि फोटो टाकतात. त्यांच्या पोटाला तो भाग चालतो, पाठीला चालत नाही. आणि ‘सुरक्षित’ म्हणून सुचवतात काय? तर अशी गल्ली, जिथं रात्री साडेदहानंतर एक पेंगणारा वॉचमन आणि चार जागी कुत्री एवढीच लोकसंख्या. मुंबईत बाईमाणसाला गजबजलेला रस्ता सुरक्षित वाटतो, हे मुंबईची कुठलीही नोकरदार बाई सांगेल. पण तिला विचारणार कोण? एरिया ठरवायला पुरुषमंडळी बसली आहेत ना!

याची दुसरी बाजू काउंटरवर दिसते. फोनवर खोली शिल्लक असते. आधार कार्ड पुढे सरकवलं, मॅनेजरनं आडनाव वाचलं, की ‘फुल्ल’ होते. एरिया चांगला ठेवायचा म्हणजे कोण कुठं झोपणार याच्यावर पहारा ठेवायचा; एवढाच त्याचा अर्थ आहे. बाकी सगळी झाडं, बागा आणि ‘शांतता’ ही वरची रंगसफेदी.

पूर्वी हा प्रश्न गाव सोडवत असे. धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे क्लब होते, ‘कूड’ म्हणतात त्यांना; काही अजून टिकून आहेत. बोटीची वाट बघणारा तारवटी, म्हणजे खलाशी, आपल्या गावाच्या कुडात उतरायचा. गावच्या संताची वेदी, संध्याकाळची प्रार्थना, कोपऱ्यात आपली ट्रंक, परवडणारं भाडं. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपायची. रात्रपाळीवाला उठून गेला की दिवसपाळीवाला त्याच पथारीवर पडायचा. जेवण खाणावळीत, एखाद्या मावशीच्या हातचं. त्याला रोमँटिक रंग फासायची माझी इच्छा नाही. ती अडचणच होती, ढेकणांसकट. पण नव्यानं आलेल्या माणसाला ‘कशासाठी आलास’ हे आधी विचारणारी ती व्यवस्था होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले, पंचतारांकित हॉटेलं आली. जिथं पथारीला पाळी लागायची तिथं आता अख्खा पलंग एकट्याला मिळतो. एका रात्रीच्या भाड्यात पूर्वी पथारीवाल्याचं वर्ष निघालं असतं.

आणि आज? टाटा आणि केईएमच्या आजूबाजूच्या फुटपाथावर बिहारपासून बीडपर्यंतचे रुग्ण आणि नातेवाईक प्लास्टिकच्या आडोशाला राहतात. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि तिच्यासारख्या मोजक्या संस्था झेपेल तेवढं करतात. ज्या बाबांनी हातात खराटा घेऊन धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांच्यानंतर आपण काय उभं केलं? मनोरा आमदार निवास पाडलं तेव्हा बेघर झालेल्या आमदारांना शासनानं तत्परतेनं भाड्यापोटी भत्ता दिला. तेही बरोबरच. लोकप्रतिनिधीला फुटपाथावर कसं झोपवणार? तिथं आधीच लोक झोपलेले असतात.

परभणीकर मास्तरांसाठी शेवटी दादर पूर्वेला एक लॉज बघितला. बरोबर मी गेलो होतो. काउंटरवर ते लांबलचक रजिस्टर, दोरीनं बांधलेलं पेन, मळकट कोपरे. रकाने : नाव, वय, कायमचा पत्ता, कुठून आलात, कुठं जाणार. आणि सगळ्यांत शेवटी, ‘येण्याचं कारण’. वरच्या ओळींत लोकांनी लिहिलं होतं : ‘काम’, ‘काम’, ‘दवाखाना’, खाली दोन टिंबं, पुन्हा दोन टिंबं, मग ‘पर्सनल’. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात ‘रुग्णालय (परळ)’ असं लिहिलं. मी म्हटलं, पहिल्या रात्री मीही इथंच थांबतो. मॅनेजरनं माझं आधार बघून परत केलं. ‘मुंबईचा पत्ता आहे साहेब. लोकल आयडीला रूम देत नाही.’

कळलं का? ज्या मुंबईकराच्या सल्ल्यावर अख्खा महाराष्ट्र खोल्या ठरवतो, त्याला मुंबईतले पुष्कळ लॉज दारात उभं करत नाहीत. अज्ञान हीच त्याची एकमेव पात्रता! आणि त्या ग्रुपातल्या सगळ्या पदवीधरांना जो प्रश्न सुचला नाही, तो लॉजच्या छापील रजिस्टरात रकाना पाडून विचारलेला असतो.

तेव्हा हुशार वाचकहो, एरिया विसरा. आधी कामाचा कागद काढा आणि पत्ता पिनकोडसकट वाचा. ‘मुंबई विद्यापीठ’ एवढ्यावर निघालात तर फोर्टात राजाबाई टॉवरखाली उभे राहाल आणि तुमचं टेबल कलिन्याला असेल. मग बघा काम कुठल्या लाइनवर आहे : पश्चिम, मध्य की हार्बर. खोली त्याच लाइनवर, स्थानकापासून चालत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणणाऱ्याला विचारा, पूर्वेला की पश्चिमेला? मधला पूल त्या पाच मिनिटांत धरला आहे का? सकाळी मोठी गर्दी दक्षिणेकडे धावते, म्हणून जमलं तर कामाच्या दक्षिणेला राहा आणि उलट्या दिशेनं श्वास घेत जा. रिक्षा माहीम-शीवच्या खाली येत नाहीत, रविवारी मेगाब्लॉक असतो, हे आधीच जमेला धरा. पावसाळ्यात तर एरिया ही कल्पनाच पाण्यात जाते : २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यात सत्तरेक. म्हणून खोली घेण्याआधी खालच्या वडापाववाल्याला विचारा, ‘पाणी कुठपर्यंत चढतं?’ तो गुडघ्याला हात लावून दाखवतो. इतका नेमका सल्ला तुम्हाला कुठलाच मुंबईकर नातलग देणार नाही.

आणि एवढं करूनही तो ऐकेना, ‘माझं ऐका, कुलाबाच घ्या’ हा हेका सोडेना, तर वाद घालू नका. नम्रपणे म्हणा, ‘घेतो ना! तुमचा शब्द मोडवत नाही. भाडं तेवढं तुम्ही भरा.’ आणि मग बघा, बदलापूर कसं चुटकीसरशी जवळ येतं ते.